पॉवर प्रेसवर भावाचा उजवा हात गेला. आता काम कोणतं?

वानाडोंगरीची_मोठी

नमस्कार. इथे पहिल्यांदाच लिहून राहिली आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझा लहाना भाऊ २७ वर्षांचा आहे. आयटीआय फिटर. हिंगणा एमआयडीसीत पत्र्याचे ब्रॅकेट बनवणाऱ्या एका युनिटमध्ये पाच वर्षांपासून पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापायच्या यंत्रावर होता, शेवटची दोन वर्षं डाय (त्यातला साचा) सेटिंगही करायचा. नोव्हेंबरमध्ये रात्रपाळीला डाय बसवताना प्रेसने डबल स्ट्रोक मारला, एकदाच खाली यायची ती दोनदा आली. उजवा हात मनगटाच्या चार बोटं वरून काढावा लागला.

पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जायचा, त्यामुळे उपचाराचा खर्च आमच्यावर आला नाही, आणि पगाराच्या जागी दर महिन्याला थोडे पैसेही येतात. पुढच्या महिन्यात मेडिकल बोर्डाची तारीख आहे. मालक दोनदा घरी आले. पहिल्या वेळी फळं घेऊन, दुसऱ्या वेळी टाइप केलेला कागद घेऊन. राजीनाम्याचा. "याच्यावर सही करून द्या, पूर्ण हिशोब करतो, वरून पन्नास हजार देतो," म्हणाले. आईने विचार करून सांगतो म्हटलं. कागद देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवला आहे.

भाऊ घराबाहेर पडत नाही. या उन्हातही फुल बाहीचा शर्ट घालतो आणि उजवी बाही खिशात खोचतो. घरी येणारा प्रत्येक जण काहीतरी सुचवून जातो. कोणी म्हणते झेरॉक्सचं दुकान टाकून द्या, कोणी म्हणते पानठेला. मामा म्हणतात पेन्शन बसली की घरीच बसू द्या, काम केलं तर पेन्शन बंद होते. तो स्वतः काहीच बोलत नाही.

पण एक गोष्ट सांगते. रात्री मोबाईलवर तो प्रेसचे आणि डायचे व्हिडिओ पाहत बसतो. मला वाटलं अपघाताचं मनातून जात नसेल, म्हणून मी जवळ जाऊन विचारलं, काय पाहतोस? तर म्हणाला, "यांचा क्लिअरन्स जास्त झाला आहे ताई, बर्र येईल पहा." (क्लिअरन्स म्हणजे वरचा पंच आणि खालची डाय यांच्यातली फट, बर्र म्हणजे कापलेल्या कडेची खरखर.) थोड्या वेळाने व्हिडिओतला माणूस पीस हातात घेऊन खरंच कड घासायला लागला.

म्हणून विचारते. राजीनामा द्यावा का? मामा म्हणतात ते खरं आहे का? आणि डाव्या एका हाताने, त्याच्या शिक्षणावर, काय काम होऊ शकते?

नंदनवन_सुनील

ताई, वाचून वाईट वाटलं. आधी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो, तपासणीला मेडिकल किंवा मेयो हॉस्पिटलात जावं लागते. ४० टक्क्यांच्या वर असलं की बहुतेक योजना लागू होतात. तुमच्या नगरपरिषदेला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करावा लागतो, तिथेही अर्ज टाका. स्टॉलचं मात्र वाईट समजू नका. माझ्या चुलतभावाचा एक पाय पोलिओचा आहे, सक्करदऱ्यात त्याचा स्टॉल आहे, दोन मुलं शिकवली त्यावर. धंदा करायची आवड असेल तर चांगला मार्ग आहे.

टूलरूम_डिगडोह

ताई, त्या कागदावर सही करू नका. बाकीचं सावकाश वाचा, पण हे आजच घरात सगळ्यांना सांगा.

मी ४१ वर्षांचा आहे. २०१४ च्या जुलैत माझाही उजवा हात प्रेसवरच गेला, कोपराच्या खाली. आता डाव्या अंगठ्याने टाइप करतो, हे लिहायला दोन संध्याकाळी लागल्या. तुमच्या घरी आला तसाच कागद माझ्याही घरी आला होता आणि मी तिसऱ्या महिन्यात सही करून दिली होती. सांगणारं कोणी नव्हतं. मिळालेले पैसे बहिणीच्या लग्नात गेले, आणि पुढच्या वेळी कंपनीत गेलो तर गेटवर नाव सांगावं लागलं. नऊ वर्षं ज्या गेटमधून आत गेलो त्याच गेटवर.

कायद्यात काय आहे आणि काय नाही ते सरळ सांगतो. तात्पुरत्या अपंगत्वाचे पैसे चालू असेपर्यंत मालक त्याला काढू शकत नाही, ईएसआयच्या कायद्यातच तसं आहे. त्यानंतर मात्र खाजगी कंपनीत नोकरी राखून ठेवणारं कलम नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० म्हणते की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर त्या माणसाला काढायचं नाही, त्याच पगारावर दुसरं काम द्यायचं. पण ते सरकारी आस्थापनांसाठी. मी त्या कलमाची झेरॉक्स घेऊन दोन महिने फिरलो, तेव्हा एका वकील ताईंनी समजावलं. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून लिहिलं. तरीही राजीनामा देऊ नका, कारण आज तो मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर आहे. मस्टरवरचा माणूस "मला कोणतं काम देता?" असं विचारू शकतो. राजीनामा दिलेल्या माणसाला तो प्रश्न विचारायची जागाच राहत नाही.

आता पेन्शन. मामांना सांगा, भीती चुकीची आहे. कायमच्या अपंगत्वाचा लाभ आयुष्यभराचा असतो आणि नोकरी लागली तरी चालू राहतो. मी आज पगार घेतो आणि तेही घेतो. हिशोब असा आहे. त्याची सरासरी रोजची मजुरी समजा ५०० रुपये. त्याचे ९० टक्के ४५० होतात, सध्या येतात ते पैसे या हिशोबाने येतात. बोर्ड ठरवते की कमावण्याची ताकद किती टक्के गेली. मनगटाजवळून हात गेला तर कायद्याच्या परिशिष्टात ६० टक्के धरलेले आहेत. म्हणजे ४५० चे ६० टक्के, २७० रुपये रोज, महिन्याला ८,१०० च्या आसपास. बोर्डाने कमी लावले असं वाटलं तर अपील करता येते. जाताना ऑपरेशनचे कागद, डिस्चार्ज कार्ड आणि कंपनीने भरलेल्या अपघात रिपोर्टची प्रत न्या. त्या रिपोर्टमध्ये अपघात कसा झाला हे काय लिहिलं आहे ते आधी वाचून घ्या. "कामगाराच्या निष्काळजीपणामुळे" असं एक वाक्य माझ्या रिपोर्टमध्ये होतं, ते मला दोन वर्षांनी दिसलं.

आणि हे बोर्ड वेगळं, यूडीआयडीचं बोर्ड वेगळं. दोघांचे टक्के जुळत नाहीत आणि जुळायची गरजही नाही. एक कमाईचं नुकसान मोजते, दुसरं शरीराचं. मी एकाचा कागद दुसऱ्याकडे दाखवून भांडत बसलो होतो.

ईएसआयमध्ये अजून एक सोय आहे जी कोणी सांगत नाही. कामावरच्या अपघाताने ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व आलं असेल आणि वय ४५ च्या आत असेल, तर व्यवसाय पुनर्वसनाचं प्रशिक्षण घेताना भत्ता मिळतो. रोजचे १२३ रुपये किंवा प्रशिक्षण केंद्राची फी, यातलं जे जास्त असेल ते. शाखा कार्यालयात "व्होकेशनल रिहॅबिलिटेशन" हाच शब्द वापरून विचारा, दुसऱ्या कोणत्या शब्दाने समोरच्याला कळत नाही.

आता खरी गोष्ट, कामाची.

सुनीलभाऊ म्हणतात ते त्यांच्या भावासाठी बरोबर असेल. मीही आठ महिने मोबाईल रिचार्जचं टेबल लावलं होतं, त्रिमूर्तीनगरात. धंदा वाईट नव्हता. पण येणारा प्रत्येक माणूस आधी बाहीकडे पाहायचा, मग कसं झालं विचारायचा, मग दहाच्या जागी वीसचा रिचार्ज मारायचा. मी फिटर होतो. मला दोन सूत इकडचं तिकडे झालेलं कळत होतं आणि मी तिथे बसून लोकांची दया मोजत होतो. ताई, तुमच्या भावाने व्हिडिओ पाहून क्लिअरन्स सांगितला, ते वाक्य मी माझ्या बायकोला वाचून दाखवलं. हात गेला तेव्हा ते ज्ञान गेलेलं नाही. पाच वर्षं त्याने जे शिकलं ते डोळ्यात, कानात आणि बोटांच्या टोकात आहे, आणि पाच बोटं अजून आहेत. त्याचं काम त्याच शॉपमध्ये शोधा, पानठेल्यावर नाही.

माझं असं झालं. जुन्या सुपरवायझरने दुसऱ्या युनिटमध्ये काम धरलं आणि मला बोलावून घेतलं, पीस चेक करायला. पहिल्या दिवशी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ४० पीस चेक केले. बाजूचा मुलगा ३०० करायचा. व्हर्निअर (माप घ्यायची पट्टी) डाव्या हातात धरला की पीस धरायला हात नाही. पीस मांडीत दाबून धरत होतो. सुपरवायझर काही बोलला नाही, दुसऱ्या दिवशी टेबलावर एक छोटा व्हाइस (पीस पकडायचा शिकंजा) बोल्ट करून दिला. मग मायक्रोमीटरचा स्टँड आणला, तो काही खास दिव्यांगांचा नसतो, कोणत्याही मेजरिंग टूल्सच्या दुकानात मिळतो. गोल पीस टेकवायला खाचेचा व्ही-ब्लॉक. भोकांसाठी गो-नोगो गेज, एक टोक आत गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये, ते तर एका हाताचंच काम आहे. सगळं मिळून खर्च एका ऑपरेटरच्या आठवड्याच्या पगाराएवढा नव्हता. दोन महिन्यांत २५० वर आलो. तिसऱ्या आठवड्यात मी एक लॉट थांबवला होता, भोक अंडाकार येत होतं, पंच एका बाजूने झिजला होता. गेज पास करत होतं, पण बोट फिरवलं की कळत होतं. तो लॉट पुण्याला जाणार होता.

अडचण लिहिण्याची झाली. डाव्या हाताचं अक्षर असं की रिपोर्ट मलाच वाचता येईना. मग कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये भरायला लागलो, त्यातून ड्रॉइंग उघडायला शिकलो, मग संध्याकाळी कॅडचा क्लास लावला. माउस डाव्या हाताला यायला महिना लागला. आज मी दुसऱ्या ठिकाणी आहे, पहिला पीस अप्रूव्ह करणं आणि डायच्या ड्रॉइंगमधल्या चुका काढणं हे माझं काम. नवीन डाय आली की सेटर मला बोलावतो.

एक गोष्ट अगदी निक्षून सांगतो. मालकाने दया येऊन परत प्रेसवरच उभं केलं तर नाही म्हणा. दोन बटणांची प्रेस असते ना, दोन्ही हात बटणावर असल्याशिवाय स्ट्रोक येत नाही, ती सोय हात वाचवायला आहे. एका हाताच्या माणसासाठी एक बटण जाम करून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. म्हणजे उरलेल्या हातासाठी डाय उघडी. तसं अजिबात होऊ देऊ नका.

सरकारी भरतीवरही डोळा ठेवा. जाहिरातीत दिव्यांगांच्या जागांपुढे ओए, ओएल, बीएल अशी अक्षरं असतात. ओए म्हणजे वन आर्म. ज्या पदांसमोर ओए लिहिलं असेल तेवढीच तुमच्या भावाची. कायद्याने ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का हातापायाच्या दिव्यांगांच्या गटाला, आणि केंद्राच्या भरतीत वयाची दहा वर्षं सूट. पण ती वाट पाहत घरी बसू नका.

ओटी_धंतोली

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. वरच्या दादांनी कामाचं इतकं छान लिहिलं की मी फक्त हाताबद्दल लिहिते.

नोव्हेंबरची शस्त्रक्रिया म्हणजे उरलेल्या भागाची सूज आता बरीच उतरली असेल. सूज पूर्ण उतरायच्या आधी बनवलेला सॉकेट (कृत्रिम हाताचा उरलेल्या भागावर बसणारा कप) नंतर सैल होतो, म्हणून क्रेप बँडेज नीट बांधलं जातंय का ते एकदा तपासून घ्या. कामावरच्या अपघातासाठी कृत्रिम हातही ईएसआयकडून मिळतो. तिथे तुम्हाला दिसायला हातासारखा दिसणारा हात दाखवतील आणि घरचे सगळे तोच निवडतील. तुमच्या भावाला केबलवर चालणारा हुकही पाहू द्या. खांदा पुढे केला की उघडतो, दिसायला लोखंडी, पण पीस धरणं, डबा उघडणं, कागद दाबून ठेवणं त्याने होतं. समारंभाला एक आणि कामाला एक, असे दोन वापरणारे माझे रुग्ण आहेत. निवड त्याची असू द्या.

नागपूरच्या मे महिन्यात सॉकेटमध्ये घाम साचतो, कातडी सोलते. सुती मोजे दिवसातून दोनदा बदलायचे, रात्री हात मोकळा ठेवायचा. आणि हो, फुल बाहीने तिथे हवा लागत नाही, हे कारण सांगून बाही वर करायला लावा. दुसऱ्या कोणत्या कारणाने ऐकणार नाही.

नसलेल्या हाताची बोटं दुखतात असं तो म्हणतो का? बरेच जण लाजेने सांगत नाहीत, डोक्यावर परिणाम झाला असं वाटेल म्हणून. ते दुखणं खरं असतं. आरशासमोर डावा हात हलवून करायचे व्यायाम आहेत, काहींना त्याने खूप आराम पडतो. विचारा त्याला, एकटं असताना.

शहरात केंद्र सरकारचं सीआरसी आहे, दिव्यांगांच्या पुनर्वसन आणि कौशल्य विकासाचं. मी रुग्ण पाठवले तेव्हा यशवंत स्टेडियममध्ये होतं. लोकमान्य नगरहून मेट्रोने सीताबर्डीला उतरा, तिथून जवळ आहे. गर्दीच्या वेळी नेऊ नका पहिल्यांदा. दुपारी न्या.

बुटीबोरी_युनिट

मी मालक आहे, ३५ माणसांचं युनिट. त्या बाजूचंही लिहायला पाहिजे म्हणून लिहितो.

सहा वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक मुलगा आला होता, तीन बोटं गेलेली. मी नाही म्हटलं. तेव्हा मनात दोनच गोष्टी होत्या. परत काही झालं तर माझ्यावर येईल, आणि याला सांगू काय काम, हे मला सुचत नव्हतं. तो मुलगा आता कुठे आहे मला माहीत नाही आणि त्याची खंत आहे.

म्हणून सांगतो, मालकाकडे रिकाम्या हाताने, "काहीतरी काम द्या" म्हणत जाऊ नका. एका कागदावर लिहून न्या: तो कोणती पाच कामं आजच करू शकतो, कोणत्या कामाला व्हाइस किंवा स्टँड लागेल, कोणतं काम करणार नाही. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. प्रेसवर उभा राहणार नाही हे लिहिलेलं पाहिलं की मालकाची अर्धी भीती जाते. तीन महिने करून पाहतो म्हणा. वीस किंवा जास्त माणसांच्या खाजगी आस्थापनेला समान संधी धोरण करावं लागतं, दिव्यांगांसाठी योग्य कामांची यादी त्यात द्यावी लागते. माझ्या ओळखीच्या बहुतेकांकडे ते नाही, माझ्याकडेही मागच्या वर्षीपर्यंत नव्हतं. धमकी म्हणून नका काढू तो विषय, पण ठाऊक असू द्या. ईएसआयची पगार मर्यादा इतरांना २१,००० आहे, दिव्यांग कामगाराला २५,०००. म्हणजे पगार वाढला तरी विम्यातून लवकर बाहेर पडत नाही.

टूलरूमवाल्या दादांसारखा माणूस मला आज मिळाला तर मी सकाळी घ्यायला जाईन.

वानाडोंगरीची_मोठी

सगळ्यांचे खूप खूप आभार. चार दिवस लिहिलं नाही कारण भावाला दाखवू की नको हेच ठरत नव्हतं. परवा मोबाईल त्याच्यापुढे ठेवला आणि मी स्वयंपाकघरात गेले. पोळ्या होईपर्यंत वाचत होता. मग आईला म्हणाला, तो कागद दे. मला वाटलं सही करतो. त्याने मागच्या कोऱ्या बाजूवर डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली. पाच कामं विचारली होती, त्याने सात लिहिली. अक्षर मला वाचता आलं नाही, त्याने वाचून दाखवलं. आता ते मी टाइप करून देणार आहे. मालकांना सोमवारी भेटायचं ठरलं आहे, तो स्वतः येतो म्हणाला.

बोटं दुखतात का विचारलं. हो म्हणाला. करंगळी सगळ्यात जास्त. पाच महिने सांगितलं नव्हतं.

खालचं त्याने स्वतः टाइप केलं आहे, मी फक्त पाठवते (थिंबल म्हणजे मायक्रोमीटरची फिरवायची मूठ, रॅचेट म्हणजे तिच्या टोकाचा क्लिक होणारा भाग, असं त्याने मला सांगितलं):

दादा नमस्कार. मायक्रोमीटर स्टँडला लावला की थिंबल डाव्या हाताने फिरवताना स्केल उलटी दिसत नाही का. आणि रॅचेटचा अंदाज डाव्या हाताला येतो का. पूर्वी उजव्या हाताला न पाहता कळायचं

टूलरूम_डिगडोह

लहान्या, बरोबर जागी बोट ठेवलंस. थिंबल डावीकडे करून लावला तर स्केल उलटीच दिसते, मी पहिला महिना तशीच वाचली आणि दोन वेळा अर्ध्या मिलिमीटरने चुकलो. स्टँडचा वरचा स्क्रू सैल करून मायक्रोमीटर तिरका उभा कर, थिंबल वर आलं पाहिजे, आकडे तुझ्याकडे. मग डावा हात वरून येतो आणि स्केल झाकत नाही.

रॅचेटचा अंदाज लगेच येणार नाही. रविवारी घरी ये, माझ्याकडे एक जुना ०–२५ चा मायक्रोमीटर पडला आहे, घेऊन जा. स्लिप गेजचे दोन तुकडेही देतो, माप माहीत असलेल्या पीसवरच सराव कर. टेकलं की तीन क्लिक मोजायचे, हात काढायचा, मग वाचायचं.